कोंदिवडे ते राजमाची : सावलीतल्या खड्या चढावर कुत्र्याला नेताना

राजमाची किल्ल्याला जायच्या दोन वाटा बहुतेकांना माहीत असतात. लोणावळ्याहून येणारी वाट लांबलचक, बरीचशी सपाट आणि उघडी. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्यातून कोंडाणे लेण्यांमार्गे चढणारी वाट आखूड, खडी आणि जवळपास पूर्ण झाडीतली. कुत्र्याला घेऊन जायचं ठरलं की बहुतेक जण दुसरी वाट निवडतात, कारण तिथे सावली आहे. निवड योग्य आहे. पण सावली म्हणजे गारवा, हा हिशोब माणसाच्या अंगावरून मांडलेला असतो. कुत्र्याचं शरीर वेगळ्या पद्धतीने थंड होतं आणि या वाटेवर घोटाळा होतो तो तिथेच.

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि त्यांचा उपयोग फारच थोडा. त्याची सगळी भिस्त धापेवर : जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्यासोबत उष्णता बाहेर जाते. हवाच दमट असेल तर ही वाफ नीट होत नाही. दाट झाडीतल्या घळीत वारा पडलेला असतो, जमीन ओली असते, त्यामुळे २४-२५ अंशांची हवासुद्धा चढणाऱ्या कुत्र्याला जड जाते. आपल्याला मात्र तिथे छान वाटत असतं, म्हणून आपण थांबत नाही. कुत्रा आपल्या मागे येतच राहतो. दमला म्हणून तो स्वतःहून बसेल यावर विसंबू नका. बरीच कुत्री, विशेषतः लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड, माणसासोबत राहण्यासाठी कोसळेपर्यंत चालतात.

वाट कशी आहे

कोंदिवडे रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी पुणे जिल्ह्यात, मावळ तालुक्यात. दोन्हींच्या मधे साधारण ५०० ते ६०० मीटरचा चढ आहे. सवयीच्या माणसाला तीन तास लागतात. कुत्र्यासोबत चार धरा.

वाटेचे तीन तुकडे पडतात. गावापासून लेण्यांपर्यंत सौम्य चढ, मधे ओढे, ठिकठिकाणी ढोरवाटा फुटलेल्या. लेण्यांपासून पुढे खरा चढ : झाडीतली अरुंद पायवाट, मुळं, सुटे दगड, मुरमाचा घसारा आणि त्यावर पाचोळा. हा तुकडा कुत्र्याची परीक्षा घेतो. त्यानंतर पठाराची कड लागते आणि उधेवाडीपर्यंत चाल सोपी होते.

डोंगराचा हा उतार पश्चिमेच्या अंगाचा आहे. म्हणजे सकाळी झाडीच्या सावलीत डोंगराची स्वतःची सावलीही मिळते, पण दुपारनंतर तिरपं ऊन थेट उतारावर येतं. जानेवारी सरता सरता ऐनासारखी पानगळीची झाडं विरळ होऊ लागतात, आणि डिसेंबरात पूर्ण सावलीत असलेला टप्पा फेब्रुवारीच्या अखेरीस अर्धा उघडा पडलेला असतो. सावलीची वाट असं कुणी सांगितलं तर कुठल्या महिन्यात आणि किती वाजता, हे दोन प्रश्न लगेच विचारावेत.

कुत्र्यासाठी योग्य काळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात नेऊ नका. शेवाळलेल्या कातळावर पंजे टिकत नाहीत, ओढे तासाभरात फुगतात, आणि शनिवार-रविवारी अरुंद वाटेवर इतकी गर्दी असते की शांत कुत्राही बिथरतो. धबधब्यांच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेशही निघतात. ऑक्टोबर हिरवागार दिसतो, पण हवा तापलेली आणि दमट असते, वर कुसळांचा हंगाम सुरू झालेला असतो.

एक गोष्ट वाट ठरवतानाच पाहायची, इथली सोडून दुसरीकडे कुठे जात असाल तर हटकून : ती अभयारण्यातून जाते का? भीमाशंकर, कर्नाळा, तुंगारेश्वर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सावलीची आणि नावाजलेली ठिकाणं अभयारण्यं आहेत. तिथे कुत्र्याला नेऊच नये. मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याच्या नुसत्या वासाने भेकरं जागा सोडतात, आणि डिस्टेंपरसारखे रोग पाळीव प्राण्यांकडून रानातल्या प्राण्यांना होतात.

कोंडाणे लेणी संरक्षित स्मारक आहेत. संरक्षित स्मारकाच्या आत जनावर नेण्यास नियमाने मनाई आहे. त्यामुळे लेणी पाहायची तर आळीपाळीने पाहा : एकाने कुत्र्याला घेऊन वाटेवर सावलीत बसायचं, बाकीच्यांनी आत जायचं. इसवी सनापूर्वीचं चैत्यगृह आहे, घाईने पाहू नका. कुत्र्यालाही ही अर्ध्या तासाची विश्रांती हवीच असते.

कोणत्या कुत्र्याला नेऊ नये

पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या तोंडाच्या जातींना या चढावर नेऊ नका. त्यांची श्वासाची वाटच अरुंद असते, धाप लागली की तीच धाप त्यांना आणखी तापवते. मोठ्या जातींची दीड वर्षाखालची पिल्लं नको, हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात आणि उतरताना पुढच्या पायांवर येणारा भार त्यांना झेपत नाही. सांधे दुखणारी, हृदयाचा त्रास असलेली, लठ्ठ कुत्री नको. बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर आधी वजन उतरवा, मग डोंगर. माजावर आलेल्या मादीलाही नेऊ नका, वाटेतल्या गावातली सगळी कुत्री मागे लागतात. आपली गावठी कुत्री, बांधा सडपातळ आणि केस आखूड असल्यामुळे, या कामाला उत्तम.

आणखी एक कसोटी आहे आणि ती लोक विसरतात. कुत्र्याचा पाय मोडला तर त्याला खाली कोण आणणार? वीस किलोचा कुत्रा एका माणसाला खड्या घसाऱ्यावरून उचलून आणता येत नाही. त्यामुळे वीस किलोंच्या वर वजन असेल तर निदान तीन धडधाकट माणसं हवीत. कुत्र्याला घेऊन एकट्याने या वाटेला जाऊ नये.

आधीचे सहा आठवडे

सपाट रस्त्यावर रोज तासभर फिरणाऱ्या कुत्र्याला खडा चढ-उतार जमेलच असं नाही. सहा आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन आठवडे इमारतीचा जिना : चढताना मोकळेपणाने, उतरताना एकेक पायरी, सावकाश. पुढचे दोन आठवडे आठवड्यातून तीनदा एखादी टेकडी. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाई आहेच. शेवटच्या दोन आठवड्यांत एकदा अडीच-तीन तासांची चाल, तीही मातीच्या वाटेवर. डांबरावर आणि फरशीवर चालणाऱ्या कुत्र्याच्या गाद्या मऊ राहतात, त्या बेसाल्टच्या खरबरीत कातळावर सोलवटतात. मातीखडीच्या सरावाने त्या कडक होतात, आणि त्याला काही आठवडे लागतातच.

शिकवण्यात तीन शब्द पक्के हवेत. 'थांब' : जागच्या जागी उभं राहणं. 'सोड' : तोंडातलं किंवा समोरचं सोडून देणं. तिसरा 'मागे', आणि या वाटेसाठी सगळ्यात मोलाचा तोच. उतरताना कुत्र्याने आपल्या मागे चालायचं, पुढे जायचं नाही. पंचवीस किलोचा कुत्रा घसाऱ्यावर पुढून ओढायला लागला तर माणूस पडतो, आणि माणूस पडला की कुत्र्यावर पडतो. घरच्या जिन्यावरच हे शिकवा : कुत्रा पुढे सरकला की आपण थांबायचं, पाय आडवा करायचा, 'मागे' म्हणायचं, मागे आला की खाऊ. दहा-बारा दिवसांत बहुतेकांना कळतं.

लसी. रेबीजची चालू असायला हवी. लेप्टोस्पायरोसिसची पण, कारण ओढ्यातलं आणि डबक्यातलं पाणी पिण्यातून, त्यात चालण्यातून तो होतो. लेप्टोची लस पहिल्यांदा देताना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस असतात, मग दरवर्षी एक. म्हणजे ट्रेकच्या आदल्या आठवड्यात आठवण होऊन चालत नाही. गोचिडांवरची गोळी डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी द्या. नखं चार दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापताना एखादं नख आतल्या शिरेपर्यंत गेलं तर चढावर तेच रक्ताळतं.

काय न्यायचं

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून चढू नका. पाय घसरला की सगळा भार गळ्यावर येतो. छातीवर इंग्रजी 'Y'च्या आकारात बसणारा आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. ती मूठ रॉक पॅचवर, म्हणजे हातपाय वापरून चढायच्या कातळाच्या टप्प्यावर, आधार द्यायला लागते. हार्नेस घरी निदान दोन आठवडे घालून पाहा, काखेत घासत असेल तर तेव्हाच कळेल. गळ्यातला पट्टा राहू द्या, पण फक्त फोन नंबर कोरलेल्या बिल्ल्यासाठी. दोरी दीड ते दोन मीटरची, साधी, सलग. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी झाडीत अडकते आणि झटका बसला की हातातून निसटते. कमरेला बांधायचे पट्टे सपाट जागी ठीक, या उतारावर नकोत. दोरी मनगटाला गुंडाळूही नका, मुठीत धरा, म्हणजे वेळ आली तर सोडता येते.

पाण्याचा हिशोब असा. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं. चढाच्या दिवशी दुप्पट धरा. वीस किलोच्या कुत्र्यासाठी उधेवाडीपर्यंत दीड लिटर, आणि त्याशिवाय एक लिटर वेगळी बाटली, अंगावर ओतण्यासाठी. ही दुसरी बाटली माणसांनी तहान लागली म्हणून पिऊन टाकायची नाही. हिवाळ्यात वरचे ओढे आटत जातात, वाटेत पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. खाली येतानासाठी उधेवाडीत पुन्हा भरून घ्या.

औषधाच्या पिशवीत हे असू द्या :
- गॉजच्या दोन पट्ट्या आणि स्वतःलाच चिकटणारं बँडेज (केसांना न चिकटणारं)
- २५० मिली सलाइन, पोव्हिडोन आयोडीन
- टोकदार चिमटा आणि गोचीड काढायचा आकडा
- डिजिटल थर्मामीटर, कुत्र्यासाठी वेगळा ठेवलेला
- जुना पण जाड मोजा, पंजावरच्या बँडेजवर चढवायला
- चिकटपट्टी आणि रबरी हातमोजे
- डबल बेडची सुती चादर किंवा तिच्याइतकं मजबूत कापड, स्ट्रेचरसाठी

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत, अर्धीसुद्धा नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही तिन्ही औषधं त्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला, आतड्याला घातक ठरतात.

पाठीवर सामानाच्या पिशव्या लादायचा मोह टाळा. सपाट वाटेवर थोडं वजन चालतं, पण खड्या वाटेवर ते कुत्र्याचा तोल बिघडवतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही. पंजांचे बूट घरी सराव केला असेल तरच.

खाणं : निघण्याच्या तीन तास आधी नेहमीच्या अर्धं जेवण. पोट भरलेलं असताना धावपळ झाली तर खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडू शकतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो. वाटेवर उकडलेलं अंडं, मीठ न घातलेलं चिकन, पोळीचे तुकडे, थोडं थोडं. तुमच्या खाऊच्या डब्यातले मनुके, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम त्याच्यापासून दूर ठेवा. द्राक्षं-मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. कांदा-लसणाचं पिठलंही नको.

चढ

हिवाळ्यात सात-सव्वासातला उजाडतं. नीट दिसायला लागलं की कोंदिवड्यातून निघा, अंधारात नको. पहाटे आणि संध्याकाळी बिबट्या फिरतो आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. गावातून जाताना दोरी आखूड धरा : कोंबड्या, शेळ्या, वासरं आणि हद्दीची राखण करणारी गावातली कुत्री. ती भुंकत आली तर आपला कुत्रा आणि ती यांच्यामध्ये आपण राहायचं, न पळता, न थांबता पुढे जायचं. दगड उगारला तर भांडण वाढतं.

दोरी संपूर्ण वाटेवर लावलेली राहू द्या. तुमचा कुत्रा हाकेला येतो हे मान्य, पण भेकर उठल्यावर, साप दिसल्यावर, वानरं खिजवायला लागल्यावर तो येईलच असं नाही, आणि खाली दरी आहे. दाट झाडीत शंभर मीटर आत गेलेला कुत्रा परत शोधणं अवघड जातं.

चढताना कुत्रा पुढे, आपण मागे आणि किंचित खालच्या अंगाला. त्याला आपला वेग ठरवू द्या, पण ओढू देऊ नका. ओढत चढणारा कुत्रा दुप्पट तापतो. वीस मिनिटं चाल, पाच मिनिटं थांबा, अगदी तो ताजातवाना दिसत असला तरी. थांबायची जागा घळीत निवडू नका, जिथे वारा लागतो अशी डोंगराची सोंड किंवा मोकळा कोपरा पाहा. दर थांब्याला १०० ते १५० मिली पाणी. एकदम अर्धा लिटर दिलं तर ओकेल.

प्रत्येक थांब्यावर घड्याळ लावून एक गोष्ट पाहा. निरोगी, सरावाच्या कुत्र्याची जोरदार धाप पाच मिनिटांत निदान उतरणीला लागते. दहा मिनिटांनीही तशीच राहिली तर चढ तिथे संपला. लेण्यांच्या वर तासभर चढून आलो, आता अर्धाच तास राहिला, हा विचार मनात येणारच. मागे फिरा. त्या अर्ध्या तासाला परतीचे दोन-तीन तास जोडलेले असतात.

रॉक पॅचवर घाई नको. एकाने आधी वर जायचं, दुसऱ्याने खालून हार्नेसची मूठ धरायची, कुत्र्याला स्वतःचे पाय वापरू द्यायचे. मूठ ही तोल सावरण्यासाठी आहे, त्याला लटकवून उचलण्यासाठी नाही. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे. तो बावरला असेल तर दोन मिनिटं बसा. जबरदस्तीने ओढलेला कुत्रा परतताना त्याच जागी अडून बसतो.

उघड्या कातळावर पाय टाकण्याआधी हाताची मागची बाजू दगडावर टेकवा. सात सेकंद टेकवून धरवली नाही तर तो दगड पंजांनाही भाजतो.

अंग जास्त तापलं तर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस. चालताना थोडं वाढतंच. ४१ च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. थर्मामीटर लावायच्या आधीच दिसणारी लक्षणं ही : जीभ लांब, टोकाला रुंद पसरलेली, हिरड्या लालभडक, लाळ चिकट आणि दोऱ्यासारखी, सावली शोधून पोटावर आडवं होणं, हाक मारली तरी लक्ष नसणं. त्यानंतर पाय लटपटतात, ओकारी होते, हगवण लागते, मग शुद्ध हरपते.

आधी थंड करा, मग हलवा. हा क्रम उलटा करू नका. हार्नेस सोडा. राखून ठेवलेलं पाणी पोट, जांघा, काखा आणि मग सगळ्या अंगावर ओता, केसांच्या मुळाशी पोचेल असं बोटांनी चोळा. टोपी, वही, जे असेल त्याने सतत वारा घाला, कारण उष्णता नेणारी ती वाफच आहे. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, काही मिनिटांत तो गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. जवळ वाहता ओढा असेल तर त्याला उथळ पाण्यात उभं करा, डोकं वर धरा. शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी, नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३९.५ पर्यंत आलं की थंड करणं थांबवा.

पाय लटपटले असतील किंवा ओकारी झाली असेल, तर तो पुन्हा उभा राहिला तरी चढ-उतार संपला. चादरीत घालून न्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवा. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्यातले बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडे पडतात.

पठाराच्या जवळ असाल तर बाहेर पडायची वाट वरच्या बाजूने आहे : उधेवाडीहून लोणावळ्याला कच्चा रस्ता जातो आणि त्यावर जीप चालतात. खडबडीत आहे, पण खांद्यावरून खाली कोंदिवड्याला आणण्यापेक्षा बरा. लोणावळा आणि कर्जत, दोन्ही ठिकाणच्या जनावरांच्या डॉक्टरांचे आणि उधेवाडीतल्या एखाद्या जीपवाल्याचे नंबर निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. झाडीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे सुरुवातीलाच कुणीतरी घरी वेळापत्रक सांगून ठेवलेलं असावं.

साप, कुसळं, खाजकुयली

सावलीतल्या ओलसर, दगडगोट्यांच्या उतारावर साप असणारच. कोकणात फुरसं फार, शिवाय घोणस, मण्यार, नाग, आणि झुडपांवर हिरवा चापडा. कुत्रा नाकाने जग पाहतो, म्हणून दंश बहुतेकदा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. पाचोळ्याच्या ढिगात आणि दगडांच्या फटीत नाक घालू देऊ नका. दंश झाला तर चिरा देणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काहीही नको. गळ्यातला पट्टा काढा, सूज चढते. कुत्र्याला चालू न देता उचलून न्या. भारतात मिळणारं सर्पविषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. चापड्यावर ते उपयोगी नाही, तिथे उपचार लक्षणांवर होतात. साप मारायला किंवा पकडायला थांबू नका, लांबून फोटो मिळाला तर पुरे.

कुसळांकडे लोक दुर्लक्ष करतात. ऑक्टोबरपासून पठारावरचं गवत वाळलं की कुसळं केसांत शिरतात आणि त्यांची ठेवण अशी असते की ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यातून कातडीखाली, कानातून पडद्यापर्यंत, नाकात. कुत्रा अचानक डोकं एका बाजूला झुकवून झटकायला लागला तर कानात कुसळ गेलं असं समजा. दिसत असेल तर चिमट्याने काढा, आत गेलं असेल तर खुडबुड न करता डॉक्टरांकडे. लांब केसांच्या कुत्र्याचे बोटांमधले आणि कानाखालचे केस आधीच कापून ठेवा.

खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. त्यांवरची सोनेरी-तपकिरी लव कुत्र्याच्या तोंडाला लागली की तो वेड्यासारखा जमिनीवर घासतो. हाताने पुसू नका, लव पसरते आणि तुम्हालाही लागते. हातमोजे घालून चिकटपट्टी दाबून दाबून उचला, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांना लागली असेल तर सलाइन.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली थांबू नका, धूर करू नका, कुत्र्याला भुंकू देऊ नका.

उधेवाडीत

कुत्र्याचा ट्रेक इथे संपवा. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांच्या वाटा खड्या आहेत आणि चार तास चढून आलेल्या पायांनी ते आणखी शे-दोनशे मीटर चढवण्यात कुत्र्याचा काहीच फायदा नाही. ज्यांना जायचं ते आळीपाळीने जाऊन येतील.

जेवणाचं आधी फोनवर सांगताना सोबत कुत्रा आहे हेही सांगा. घराबाहेर, झाडाखाली, दोरीने बांधून, वाडग्यात पाणी ठेवून बसवा. गावाजवळच्या तळ्यात आणि टाक्यांत त्याला उतरवू नका, ते लोकांचं पाणी आहे. शी उचलून पिशवीत बांधून खाली न्या. इथे पंजे तपासा, बोटांमधलं सगळं काढा, निदान दीड-दोन तास झोपू द्या.

उतार

उतरताना जास्त इजा होतात. सपाट जागी उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी पुढे सरकतो, आणि प्रत्येक पायरीला मनगट, खांदा आणि गाद्यांवर आदळतो. तीन वाजेपर्यंत निघा, म्हणजे साडेपाचच्या सुमाराला कोंदिवड्यात असाल आणि हातात थोडा उजेड राहील. तिरप्या उन्हाचे टप्पे येतील तिथे थांबायचं नाही, पुढच्या सावलीत थांबायचं.

खड्या भागात 'मागे'. दोरी सैल, पण हातात. तुमचा पाय घसरला तर दोरी सोडून द्या. नागमोडी वळणं सरळ कापू नका, वाट जिथे वळते तिथे वळा. पाचोळ्याखालचा घसारा दिसत नाही, म्हणून आधी काठीने चाचपा, मग कुत्र्याला येऊ द्या. उडी मारावी लागेल अशा प्रत्येक जागी त्याला हाताने उतरवा. गुडघ्याएवढ्या दगडावरून मारलेल्या दहा-बारा उड्यांनी दमलेल्या कुत्र्याचा खांदा लचकतो.

लंगडत असेल तर आधी गाद्या पाहा, मग नखं, मग बोटांमधली फट. गादी सोलली असेल तर सलाइनने धुवा, गॉज, बँडेज, त्यावर मोजा. बँडेज इतकं सैल हवं की खाली एक बोट जाईल. तासाने पुन्हा पाहा, बोटं सुजली असतील तर सोडून नव्याने बांधा. पाय टेकतच नसेल तर चादर काढा. चारही कोपरे पिळून पकड घ्यायची, दोघांनी खालच्या बाजूने उंच, दोघांनी वरच्या बाजूने खाली धरायचं, म्हणजे कुत्रा आडवा राहतो. तिघेच असाल तर खालची दोन टोकं दोघांकडे, वरची दोन्ही तिसऱ्याकडे. दुखावलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, त्यामुळे उचलण्याआधी गॉजच्या पट्टीने तोंड सैलसर बांधा. ओकत असेल किंवा धाप लागलेली असेल तर तोंड बांधायचं नाही.

परतल्यावर

गाडीत बसवण्याआधी कोंदिवड्यातच गोचीड शोधा : कानांच्या घड्या, पापण्या, काखा, जांघा, शेपटीचं बूड, बोटांच्या फटी. गोचीड कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडीची आच यांनी तो तिथेच ओकतो आणि जंतू आत जातात. घरी कोमट पाण्याने पंजे धुवा, कोरडे करा, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा सगळं अंग चाचपा. पहिल्या दिवशी तिळाएवढा असलेला गोचीड तेव्हा रक्त पिऊन फुगलेला सापडतो.

दोन दिवस फक्त सपाट, छोटी चाल. पहिल्या दिवशी अंग आखडणं स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवशीही पायऱ्या चढायला नकार देत असेल तर दाखवा. लघवी चहासारखी गडद झाली तर एक दिवसही थांबू नका.

पुढचे तीन आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेवा. गोचिडांतून होणारा ताप लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी कुत्रा जेवण टाकतो, सुस्त पडतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा ट्रेक कुठल्या तारखेला झाला ते आपण होऊन सांगा, म्हणजे रक्ततपासणीत एर्लिकिया आणि बाबेसिया हे गोचिडांतून येणारे जंतू पहिल्याच फेरीत पाहिले जातील.